पंपाला हात लावू नकोस

सोमवार, ४ मार्च

अहो,

तिकडे भावाकडे तुमचं बरं चाललं असणारच, कारण बिघडलेलं जे काही होतं ते सगळं तुम्ही इथेच ठेवून गेलात.

फोन तुम्ही उचलत नाही. खूप वेळ वाजला की वहिनी उचलतात आणि "भावोजी अंघोळीला गेलेत" म्हणून सांगतात. माणूस एवढ्या अंघोळी करायला लागला तर त्याचा रंग उडायचा. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही, आणि फाडून टाकलंत तरी त्याआधी दोन ओळी वाचून होतातच.

जेवणाच्या टेबलावर गाडीचा गिअरबॉक्स पसरला आहे. टेबलावर मावला नाही तो खुर्च्यांवर आहे. तो तेलाने भरलेला लोखंडी भोपळा, टॉर्क कन्व्हर्टर की काय ते, सोफ्यासमोर पडला आहे आणि तुमच्या आई त्याच्यावर पाय ठेवून पेपर वाचतात. उंची बरोबर आहे म्हणतात. आम्ही दोघी सासवासुना ओट्याशी उभ्याने जेवतो. घरात शिरलं की गॅरेजचा वास येतो आणि बाथरूमच्या साबणाला काळी बोटं उमटली आहेत. ती तुमचीच आहेत, मी अजून पुसलेली नाहीत, कारण पुसायची ज्याची त्याने.

गाडी चढावर नुसती गुरगुरत होती आणि जागची हलत नव्हती, तेव्हा गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं होतं की बॉक्स बदला. तुम्ही म्हणालात, हे सगळे लुटारू, मी घरी करतो. मी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. निवृत्त झाल्यापासून तुम्ही भिंतीवरचं घड्याळ उघडलंत, मग मिक्सर, मग शिलाई मशीन. घड्याळ अजून बिस्किटाच्या डब्यात आहे. पण त्यातल्या एकावाचूनही माझी नोकरी अडली नव्हती.

गाडीचं तसं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको होतं. माझा डावा गुडघा वाकत नाही हे तुम्ही लग्नाआधीपासून बघता आहात. क्लच दाबायची गाडी मला चालवता येत नाही. ही ऑटोमॅटिक होती म्हणून मी घरोघर जाऊन जखमा बांधू शकले, नळ्या बदलू शकले. मेट्रनने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गाडी नसली तर मला फिरतीवरून काढून नोंदणीच्या खिडकीत बसवणार. दिवसभर जाळीमागून "पुढचा" म्हणायचं. मला ते जमणार नाही. मी त्या खिडकीत वर्षभरात आंबून जाईन.

आणि तुम्ही गेलात कशावरून, तर चहात साखर कमी होती. या घरात मला काडीची किंमत नाही, म्हणालात. त्यावर मी म्हणाले, तुम्ही आयुष्यात एक तरी वस्तू उघडून परत लावली आहे का? हे मी बोलले आणि ते मी परत घेणार नाही. घड्याळ साक्षीला आहे.

शुक्रवारपर्यंत या आणि हे उचला. नाहीतर भंगारवाल्याला बोलावते.

तुमची (सध्या उभ्याने जेवणारी)


मंगळवार, १२ मार्च

अहो,

तुम्ही आला नाहीत. भंगारवाला आला.

त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली, एक गिअर उचलून हातात तोलला आणि सगळं मिळून किती देणार ते सांगितलं. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही अडवलं नाही, नुसतं म्हणाल्या, "बघ बाई, तुझी गाडी, तू ठरव." असं म्हटलं की माणूस बरोबर त्यांच्या मनासारखं करतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आईंमुळे नाही हं. तो गिअर परत ठेवताना त्याने दुसऱ्याच कागदावर ठेवला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिथे नाही, त्याच्या शेजारी." तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. तुम्ही सगळे भाग काढले त्या क्रमाने ओळीत मांडले आहेत, प्रत्येकाखाली वेगळा कागद. ऑपरेशनच्या ट्रेसारखं. बरं मांडलंत, हे कबूल करावं लागतं. पण पोट उघडं टाकून सर्जन रुसून भावाकडे निघून गेल्याचं मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी तुम्ही मागवलेला खोका आला. सगळी रबरी सीलं, नव्या चकत्या, गॅस्केटं. खोका दारात, दुरुस्तीचं पुस्तक टेबलावर, रोगी उघडा, आणि मी पांढरे बूट घालून समोर. आता मागे कसं सरायचं?

पुस्तक समजत नाही. शब्द सगळे कळतात पण वाक्य कळत नाही, असं पहिल्यांदाच झालं. शेवटी मी चित्रांवरून जायचं ठरवलं आणि अडेल तिथे गॅरेजवाल्याकडे. तो वैतागलाय. पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याने कपाळावर आठ्या घातल्या, आणि काल म्हणाला की पार्ट असे पिशवीतून आणू नका, गिऱ्हाइकं घाबरतात. तरी एक गोष्ट त्याने चांगली सांगितली: या कामात ताकदीपेक्षा स्वच्छता महत्त्वाची, एक धागा आत राहिला तरी झडप अडकते. मी त्याला म्हटलं, मला नका शिकवू, हे मी तीस वर्षं माणसांवर करते आहे.

व्हॉल्व्ह बॉडी नावाचा एक प्रकार आहे, तुम्हाला माहीत असेलच, तुम्हीच उघडलात. तेलाच्या वाटांचा नुसता भुलभुलैया. त्यात बारीक पोलादी गोळ्या बसवायच्या आणि उलटा करायचा. गोळ्या घरंगळतात. दोनदा सोफ्याखाली गेल्या, एकदा मी वाकत नाही म्हणून आई गेल्या. मग मी माझ्या बॅगेतली पेट्रोलियम जेली काढली, गोळीला बोटाने लावली, आणि गोळी जागच्या जागी बसली. गॅरेजवाल्याला सांगितलं. तेही तसंच करतात म्हणे. मग आधी सांगायला काय झालं होतं?

तुम्ही यायचं तर या. नाही आलात तर माझं काही अडत नाही.


शुक्रवार, १५ मार्च

अहो,

तुमच्या आईंना तुम्ही घेऊन जा.

मी हे रागाने लिहिते आहे आणि राग उतरल्यावरही खोडणार नाही. झालं असं. क्लचच्या त्या नव्या चकत्या असतात ना, ज्यांच्या अंगावर कागदासारखा खरखरीत थर असतो. बसवण्याआधी त्यांना गिअरच्या लाल तेलात भिजत ठेवायचं असतं, नाहीतर पहिल्याच दिवशी जळतात. एवढं मोठं भांडं कुठून आणणार? मी आपल्या मोठ्या पातेल्यात भिजत घातल्या, वर झाकण ठेवलं आणि हॉस्पिटलात गेले.

संध्याकाळी परत आले तर चकत्या दोरीवर. हो, कपड्यांच्या दोरीवर, दोरी मधल्या भोकातून ओवून, दोन टोकांना चिमटे. सोड्याने आणि घासणीने घासून, दोन पाण्यांतून काढून, उन्हात वाळत घातलेल्या. आईंना पातेलं हवं होतं. आणि पातेल्यात सुनेने काहीतरी तेलकट घाण करून ठेवली आहे असं त्यांना वाटलं. वर मला म्हणाल्या, "अगं, किती काळ्या होत्या, बघ आता."

मी त्यांना काय बोलणार? त्यांनी मदत केली. त्या थराचे पोपडे निघाले होते, दोन चकत्या पापडासारख्या वाकल्या होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बाहेर आले तर आई ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांनी पातेलं घासून लख्ख करून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "यात घाल पुन्हा. मला नको." आता यांच्याशी भांडायचं तरी कसं? करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं या घरात आता रोजच चाललंय. तुमच्या घरातलं हे वळण आहे, माझ्या नाही.

नव्या चकत्या मागवल्या आहेत. यायला आठवडा. मेट्रनने आज मला खिडकी दाखवली. नेऊन दाखवली. तिथे एक खुर्ची आहे, चाकांची, आणि तिचा एक हात तुटलेला आहे. "गुडघ्याला आराम पडेल," असं ती म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

आणि आज घरी आले तर तुमची चिठ्ठी. एवढे दिवस मी पानंच्या पानं लिहिते आहे आणि तुमची एक चिठ्ठी, तीही अर्ध्या कागदावर. "पंपाला हात लावू नकोस. मी आल्यावर बघतो. बाकी खुशाल." मी कशी आहे, आई कशी आहे, काही नाही. मी कामाला लागले आहे हे ऐकून आनंद झाला की धक्का बसला, तेही नाही. पंपाला हात लावू नकोस. मी पंप बघितलासुद्धा नव्हता. तो तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खिडकीखालच्या खुर्चीवर ठेवलेला आहे, आणि पुस्तकाप्रमाणे तो सगळ्यात शेवटी बसतो.

ठीक आहे. नाही लावत. तुम्ही आल्यावर बघा म्हणजे नक्की कधी, तेवढं कळवा.


रविवार, २४ मार्च

अहो,

तुम्ही कळवलं नाहीत. मी पंपाला हात लावला.

क्रमाने सांगते. चकत्या आल्या, पुन्हा भिजल्या, या वेळी पातेल्याला मी दोरीने बांधून ठेवलं. आईंना ते लागलं. एक पोलादी, एक खरखरीत, अशा एकाआड एक भरल्या, वरून सरक्लिप, म्हणजे दाबून बसवायची पोलादी कडी, बसवली. ती सरक्लिप बसवताना मी जे शब्द वापरले ते मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. आई म्हणाल्या, टीव्हीचा आवाज वाढवू का, शेजारी ऐकतात. मग आतली फट मोजपट्टीच्या पातळ पातीने मोजली, बरोबर पुस्तकात दिल्याएवढी. मी उभ्या उभ्या आईंना मिठी मारली. माझ्या हाताचं तेल त्यांच्या पाठीला लागलं.

काल दुपारी पंप सोडून सगळं बसलं. आणि ट्रेमध्ये एक स्प्रिंग उरली. एवढीशी. बॉलपेनमधली असते तशी. आई म्हणाल्या, एवढ्याने काय होतंय. दुसरं कोणी असतं तर खिशात टाकली असती. पण आमच्याकडे हॉस्पिटलात मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवत नाहीत. मी व्हॉल्व्ह बॉडी पुन्हा पूर्ण उघडली, स्प्रिंगची जागा सापडली, पुन्हा मिटली. अर्धा दिवस गेला आणि मान आखडली. तेव्हा कुठे पंपाची पाळी आली.

बनियन सोडलं. पंप बाकी सगळ्या भागांपेक्षा स्वच्छ होता. तेव्हाच मला शंका आली. तुम्ही काहीच पुसत नाही, आणि हा एवढा चकाचक? उजेडात धरला तर कडेपासून मध्यापर्यंत एक करडी रेघ. दोन ट्यूबांचा तो गोंद. वरून पॉलिशच्या कागदाने घासून सपाट केलेला. खाली पंप उभा चिरलेला आहे.

बॉक्समधून पंप निघता निघत नाही, त्याला खास ओढणी, म्हणजे खेचून काढायचं हत्यार, लागते, पुस्तकात चित्र आहे. तुम्ही ओढणी आणली नाहीत. तुम्ही मोठा स्क्रूड्रायव्हर घातलात आणि हातोडी मारलीत, त्याचा वण कडेला आहे. पंप फुटला. मग तुम्ही तो चिकटवलात, घासलात, बनियनमध्ये गुंडाळलात. आणि दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी होती.

मी पंप घेऊन आईंसमोर बसले आणि त्यांना रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि मग जे सांगितलं ते तुम्ही मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही.

"लहानपणी याच्या हातून काही फुटलं ना, तर आधी हाच भांडण काढायचा. कशावरूनही. मग रुसून मावशीकडे जाऊन बसायचा. आम्ही इकडे समजूत काढायला धावायचो, आणि फुटलेलं दोन दिवसांनी सापडायचं."

"मग मारायचात?"

"रुसलेल्या पोराला कोण मारतंय? तेच तर त्याला कळलं होतं."

अहो, तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात.

मला इतका राग आला की मी तो पंप खिडकीतून फेकणार होते. पण त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि ते आता लिहूनच टाकते. गेले तीन आठवडे मला वाटत होतं की माझ्या जिभेने तुम्हाला घालवलं. पत्रात मी ते येऊ दिलं नाही. पत्रात मी फुशारक्या मारल्या. पण रिक्षाने जवळच्या एखाद्या घरी जाऊन कुणाची जखम बांधताना मध्येच ते वाक्य आठवायचं, आणि मी स्वतःला म्हणायचे, कशाला बोललीस? मी इथे जीव जाळत होते आणि तुम्हाला पक्कं माहीत होतं की तुम्ही त्या वाक्यामुळे गेलाच नव्हतात. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी ऐकला होता, पण भांडं फोडून, चिकटवून, त्याचा दोष ताकाला देणारा तुम्ही पहिलेच.

फुटला तर फुटला. मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मी ओरडले असते. तासभर ओरडले असते. मग आपण दोघं मिळून दुसरा पंप शोधायला गेलो असतो. एवढंच होणार होतं. त्याच्यासाठी तुम्ही मला आणि तुमच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला लोखंडाच्या ढिगाऱ्यात ठेवून भावाच्या घरी अंघोळी करत बसलात.

आज मी आणखी लिहीत नाही. उद्या भंगारबाजारात जायचं आहे.


शनिवार, ३० मार्च

अहो,

त्याच भंगारवाल्याकडे तसाच एक बॉक्स निघाला, मागून धडक बसलेल्या गाडीचा. पंप मी स्वतः काढला. ओढणी गॅरेजवाल्याकडून मागून नेली. अलगद आला, कुत्र्याच्या कानातून गोचीड काढावी तसा. गॅरेजवाल्याने तो हातात फिरवून बघितला आणि नुसता हुंकार भरला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ आहे.

बॉक्स गाडीखाली चढवायला तोच आला, ट्रॉली आणि एक माणूस घेऊन. हमी देणार नाही असं त्याने तीनदा बजावलं. तो लोखंडी भोपळा, कन्व्हर्टर, आत बसताना एकामागून एक 'खट' असे आवाज यावे लागतात, ते सगळे आले नाहीत आणि तसाच आवळला तर नवा पंपही फुटतो. मी गाडीखाली कान लावून झोपले होते. शेवटचा खट येईना. तो म्हणाला, चालेल. मी म्हणाले, नाही चालणार, फिरवा अजून. त्याने फिरवला, आणि खट झालं. त्यानंतर तो मला बाई म्हणायचा थांबला, सिस्टर म्हणायला लागला.

पहिल्यांदा गिअर टाकला तेव्हा गाडी हलली नाही. मी डोळे मिटले. मला ती तुटक्या हाताची खुर्ची दिसली. मग त्याने सांगितलं, अजून तेल घाला, कन्व्हर्टर पितोय. घातलं. पुन्हा टाकला. गाडीने एक हलका झोका घेतला आणि पुढे सरकली, आणि अहो, मी रडले. त्या दोन माणसांसमोर, हातमोजे घालून, नाक पुसता येत नव्हतं तरी.

काल मेट्रनला गाडी दाखवली. सोमवारपासून मी फिरतीवर. टेकडीवरची घरंसुद्धा माझ्याचकडे.

आज मला तुमच्याकडे यायचं होतं. म्हणजे आले होते. चढाची चाचणी घ्यायची होती आणि तुमच्या भावाच्या गावाचा रस्ता चढाचा आहे, असं मी आईंना सांगितलं. आई म्हणाल्या, हो का, आणि नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. रस्ताभर त्यांनी दारावरची कडी सोडली नाही. चढावर गिअर बदलला तेव्हा मी श्वास धरला होता, त्यांनीही धरला होता. गाडीला काही कळलं नाही, ती आपली चढली.

तुमच्या फाटकासमोर आम्ही थांबलो. तुम्ही व्हरांड्यात होतात. समोर वहिनींचा टेबल-फॅन उघडून ठेवलेला, जाळी एकीकडे, पाती एकीकडे, प्रत्येकाखाली वेगळा कागद. चष्मा कपाळावर आणि दातांत स्क्रू. वहिनी दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. ती घडी मी ओळखते.

आई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाक मारू?"

मी म्हणाले, "नको."

"का गं?"

"पंखा उघडा आहे."

त्यांना कळलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला आणि काढला. मी मागचा गिअर टाकला. तो इतका अलगद लागला की तुम्ही मान वर केली नाहीत. वळणापर्यंत मी आरशात बघत होते. तुम्ही बारीक झाला आहात. मला तुमची आठवण येते, रोज येते, आणि हे मी एवढं भांडून झाल्यावर लिहिते आहे म्हणजे खरं असणार.

हाक मारली असती तर तुम्ही तो पंखा तसाच टाकून गाडीत येऊन बसला असतात. मला ते चाललं नसतं. मला नवरा हवा आहे, पळून आलेला पाहुणा नको.

म्हणून तो पंखा पूर्ण लावा. पाती बसवा, जाळी बसवा, वहिनींसमोर चालू करून दाखवा. आणि तुमच्या हातून त्याचं काही तुटलंच असेल, तर गोंद लावू नका. वहिनींना समोर बसवून सांगा, हे माझ्या हातून तुटलं. त्या चिडतील. संध्याकाळचा चहा देणार नाहीत, तुमचे भाऊही दोन शब्द ऐकवतील. तेवढं बसून ऐकून घ्या. कुठे जाऊ नका.

मग मला फोन करा. मी गाडी घेऊन येते.